रेघेची जाडी

न्याहारीच्या खोलीचं दार ढकलून मी आत शिरलो, तर खिडकीजवळच्या टेबलाशी मास्तर आणि डॉक्टरीणबाई समोरासमोर बसून हसत होते. हसत म्हणजे गालातल्या गालात नव्हे; मास्तरांचे खांदे गदगदत होते आणि बाई कागदी रुमालानं डोळे पुसत होत्या. मला पाहिलं आणि दोघंही गप्प झाले. मास्तरांनी उकडलेलं अंडं सोलायला घेतलं, बाई खिडकीबाहेरच्या गाड्या बघायला लागल्या. गेले अकरा आठवडे मी जिवाचं रान करत होतो ते याच एका दृश्यासाठी. मास्तर डोंगराकडच्यांचे पुढारी, बाई नदीकाठच्यांच्या. दोन्हीकडच्या बंदुका सहा वर्षं एकमेकांवर चालत होत्या, आणि या दोघांना एका खोलीत आणायचं म्हणून आमच्या संस्थेनं त्यांच्या मुलखापासून दूर या तिसऱ्याच देशातल्या हॉटेलात अख्खा मजला घेतला होता. समेट घडवणारा बाहेरचा माणूस म्हणून मला पाठवलं होतं. ना डोंगराचा, ना नदीचा. तेव्हा या दोघांना एकत्र हसताना पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी मुकाट्यानं चहा घेतला आणि पाव भाजायच्या यंत्राशेजारच्या, कुणालाच नको असलेल्या टेबलाशी जाऊन बसलो. काही केल्या पाव बाहेर येईना, आणि माझ्या पाठीमागे कुजबुज पुन्हा सुरू झाली.

माझ्याबद्दलच बोलताहेत, हे मला पाठीनं कळलं. पाठीला ते कळतं. तशी माझ्या पाठीला या धंद्याची सवय आहे, कारण अकरा आठवडे मी कायम कुणाकडे तरी पाठ करून निघत होतो. मास्तरांची खोली लांबलचक बोळाच्या एका टोकाला, बाईंची दुसऱ्या टोकाला, मध्ये माझी एकेचाळीस पावलं. दोघंही एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, म्हणून इकडचा कागद तिकडे आणि तिकडचा इकडे मी नेत असे. पहिला आठवडा खुर्च्यांत गेला. बाईंच्या माणसांनी फूटपट्टी लावून सिद्ध केलं की मास्तरांची खुर्ची दोन बोटं उंच आहे. मग मी बाईंच्या खुर्चीवर टेलिफोनची डिरेक्टरी ठेवली, तर मास्तर म्हणाले, आम्हालाही डिरेक्टरी हवी. दुसरा आठवडा कुणाची खोली जास्त उबदार या वादात गेला. माझं खरं कसब होतं ते त्या एकेचाळीस पावलांत. मास्तर म्हणायचे, ‘त्या गुरांच्या डॉक्टरला विचारा, डोकं गहाण टाकलंय की विकलंय?’ मी निघायचो. दहाव्या पावलाला गुरं गळून पडायची, विसाव्याला डोकं, तिसाव्याला आवाज. बाईंच्या दारात पोचेपर्यंत उरायचं ते एवढंच, की समोरच्या पक्षाला आपली भूमिका अधिक स्पष्टपणे समजून घ्यावीशी वाटते. बाई ते ऐकून म्हणायच्या, ‘त्या छडीवाल्याला सांगा, मेंढ्यांनासुद्धा त्याच्यापेक्षा लवकर समजतं.’ आणि मी पुन्हा निघायचो. यात खोटं काही नव्हतं. मी फक्त मीठ काढून घ्यायचो. तीस वर्षांत चार समेट माझ्या हातून झाले होते, हा पाचवा आणि निवृत्तीआधीचा शेवटचा. करारनाम्याच्या तळाशी ‘यांच्या मध्यस्थीनं’ असं लिहून पुढे नाव येतं, त्या एका ओळीवर माझा जीव होता. तो मी कुणाला दाखवत नसे, पण होता. शस्त्रसंधीची मुदत आज दुपारी चारला संपत होती. चारपर्यंत सह्या झाल्या नाहीत तर पाच वाजता पुन्हा तोफा, हेही मला पाठ होतं. पण खरं सांगायचं तर पावाकडे बघत बसलेल्या माझ्या मनात आधी नाव आलं, मग तोफा.

हे असं पाठीमागचं हसू मी एकदा ऐकलं होतं, आणि तेही माझ्याच घरात. लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं माझी आई आणि माझी बायको एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडणाचं कारण विचाराल तर दोघींनाही नीट आठवत नव्हतं. चुलीवर कोणतं भांडं आधी चढवावं इतपत काहीतरी होतं. एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत, आणि मी उंबऱ्यात. आई म्हणायची, ‘तिला सांग, म्हातारीला दातांनी चावायचं असतं, डोळ्यांनी नाही.’ मी आत जाऊन सांगायचो, आईला भाजी थोडी मऊ आवडते. बायको म्हणायची, ‘त्यांना सांगा, दात आहेत ते माझ्यावरच चालतात.’ मी बाहेर येऊन सांगायचो, उद्यापासून मऊ होईल म्हणाली. लोक मला विचारतात की हे काम तुम्ही कुठे शिकलात, तेव्हा मी एका मोठ्या विद्यापीठाचं नाव सांगतो. तर एके संध्याकाळी मी कामावरून घरी आलो, आणि जिन्यातच हसणं ऐकू आलं. दार उघडलं तर दोघी एकाच टेबलाशी शेंगा सोलत बसलेल्या. मला बघून गप्प. आईनं शेंगेत डोकं घातलं आणि बायको म्हणाली, ‘अगंबाई, आज लवकर आलात.’ नऊ वर्षांची माझी मेहनत फळाला आली होती, पण फळ भलतंच होतं; त्यांना मी नकोसा झालो होतो. मी कसा घोरतो, मी मोजे कुठे टाकतो, टक्कल पडतंय ते केसांच्या चार काड्यांनी कसं झाकतो, या विषयावर त्यांचं गूळपीठ जमलं ते आई गेली तोवर टिकलं. शेवटच्या आजारपणात आई मला म्हणाली होती, ‘तू मध्ये होतास ना, तोवर आम्हाला बोलायला विषयच नव्हता रे. तूच विषय आहेस हे लक्षात आलं, मग सोपं झालं.’ मी तेव्हा हसलो होतो. आता पाव जळाल्याचा वास येत होता, आणि मला ते वाक्य मुळीच विनोदी वाटत नव्हतं.

दहा वाजता निरोप आला की दोघं मधल्या खोलीत वाट बघताहेत. ही मधली खोली मी पहिल्या दिवसापासून सजवून ठेवली होती. गोल टेबल, सारख्या उंचीच्या खुर्च्या, पाण्याचे सारखे पेले. अकरा आठवडे तिथे कुणी पाऊल टाकलं नव्हतं. आज दोघं शेजारीशेजारी बसले होते आणि माझी खुर्ची समोर ठेवली होती, नोकरीच्या मुलाखतीला ठेवतात तशी. मास्तरांनी एक कागद पुढे सरकवला. मी आधी मजकूर पाहिला नाही, तळ पाहिला. तळाशी दोन सह्या होत्या. डोंगराची सही आणि नदीची सही, एकाच कागदावर, सहा वर्षांत पहिल्यांदा. माझा ऊर भरून आला. मग मी मजकूर वाचला. ती माझ्याविरुद्धची तक्रार होती.

प्रकरण नकाशाचं होतं. दोन आठवड्यांपूर्वी, दोन्ही बाजूंच्या तोंडी होकारानंतर, दोघांच्या मुलखांमधली हद्द मी मोठ्या नकाशावर आखली होती. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. बारीक टोकाचं पेन वाळलं होतं, असं मी अहवालात लिहिलं होतं, म्हणून मी लाल खडूपेन्सिल वापरली. ती रेघ निघाली चार मिलिमीटर जाड. नकाशावर चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण जमिनीवर ते चारशे मीटर होतात, आणि त्या चारशे मीटरांत एक पूल, एक पिठाची गिरणी आणि चाळीस घरं माझ्या रेघेखाली बसली होती. डोंगरवाले म्हणत, हद्द म्हणजे रेघेची खालची कड, तेव्हा पूल आमचा. नदीवाले म्हणत, वरची कड, पूल आमचा. सगळा करार ठरला होता, फक्त रेघेची जाडी राहिली होती, आणि त्या जाडीपायी पंधरा दिवस मी बोळात चपला झिजवत होतो. आता दोघांनी मिळून लिहिलं होतं की मध्यस्थानं हा गोंधळ घातला. दोन्ही बाजूंचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आहे. सबब त्याला तत्काळ परत बोलवावं. आणि त्याच्या चुकीमुळे जी जमीन रेघेखाली सापडली आहे ती, चूक दुरुस्त होईपर्यंत, दोन्ही बाजूंनी सामाईक वापरावी. गिरणी आळीपाळीनं चालवावी. पूल सर्वांना खुला. चाळीस घरांतल्या एकशे ब्याण्णव माणसांना कुणीही बाहेर काढू नये.

‘आणि चूक दुरुस्त कधी करायची?’ मी विचारलं.

‘कधीच नाही,’ मास्तर म्हणाले. ‘तेवढं तरी समजेल म्हटलं तुम्हाला.’

समजलं होतं. फार चांगलं समजलं होतं, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. इतका सुंदर तोडगा मला सुचायला हवा होता, आणि तो सुचला यांना, अंडी खाता खाता, माझ्यावर हसून. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे लोण्याचा गोळा दोन मांजरांनी गुण्यागोविंदानं वाटून घेतला होता आणि तराजू हातात धरलेल्या माकडाला वर दोन थपडा दिल्या होत्या. बाईंनी दुसरा, कोरा कागद काढला. यावर मी स्वतःच्या हातानं चूक कबूल करायची होती, तरच बाकीच्या करारावर ते सह्या करणार होते. त्यांचंही बरोबर होतं. घरी जाऊन लोकांना काय सांगणार? पूल वाटून घेतला म्हटलं तर दोघांनाही त्यांचेच लोक दारात उभं करणार नाहीत. बाहेरचा एक बावळट माणूस गोंधळ घालून गेला, आता निस्तरायला नको का, असं म्हटलं तर सगळे मान डोलावतील. मी म्हणालो, मला थोडा वेळ द्या, वरिष्ठांना विचारतो. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘विचारा. पण चार वाजता कुणी वरिष्ठ नसतो.’

बोळातून मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, वयानं माझ्याहून लहान आणि स्वभावानं कायम प्रसन्न. सगळं ऐकून ते जास्तच प्रसन्न झाले. ‘अहो, हे तर उत्तमच झालं,’ ते म्हणाले. ‘चूक कशाला म्हणता? मुद्दाम केलंत म्हणा. हद्दीवर संदिग्धता ठेवून दोन्ही पक्षांना जवळ आणलं. वार्षिक अहवालात एक अख्खं प्रकरण होईल तुमच्यावर. निरोप समारंभात मी स्वतः वाचून दाखवतो.’ माझ्या डोळ्यांपुढे ते प्रकरण उभं राहिलं, मथळ्यासकट. मी भिंतीला टेकलो. आणि गंमत अशी की दोन मिनिटांत मलाही वाटायला लागलं, खरंच, मुद्दामच केलं असणार मी. तीस वर्षांचा अनुभव माणसाच्या बोटांत उतरतो, डोक्याला न विचारता बोटं काम करतात. बोटांनाच कळलं असेल की पूल कुणाचाच ठेवू नये. चाळिसाव्या पावलापर्यंत मी द्रष्टा झालो होतो.

मग मी घरी फोन लावला. का लावला ते सांगता येत नाही. मोठं काही हातून झालं की माणसाला ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं. मी द्रष्टा झाल्याचं ऐकूनही तिनं मध्ये तोंड घातलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ‘म्हणजे तुमची चूक झाली,’ ती म्हणाली.

‘तसं नाही. त्याला दोन बाजू आहेत.’

‘तुमच्या प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, आणि तुम्ही त्यातल्या एकीकडेही नसता. नऊ वर्षं मी आणि सासूबाई भांडत होतो, तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आई चुकली, किंवा तू चुकलीस, किंवा मी चुकलो. एकदाही नाही. आम्ही दोघी चुकायचो, रडायचो, आदळआपट करायचो. तुम्ही आपले इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात उभे. फार राग यायचा हो. दोघींनाही.’

‘मी तुमच्यासाठीच मध्ये उभा होतो,’ मी म्हणालो.

‘हो ना. त्यामुळे दिसायचंच नाही पलीकडचं,’ ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘जेवलात का?’ मी नाही म्हणालो. ती म्हणाली, आधी सही करा, मग जेवा.

मला लागलं ते. लपवत नाही. बोळाच्या मध्यावर, जिथे मी एरवी डोकं-बिकं गाळायचो, तिथे उभं राहून मला पहिल्यांदाच वाटलं की या दोघांचे एकमेकांना मारलेले टोमणे जसेच्या तसे पोचले असते तर? मेंढ्यांवरचा विनोद मास्तरांना आवडला असता, कारण माणूस मुळात हजरजबाबी. छडीवाला म्हटल्यावर बाईंना त्यांनी आणखी चांगलं काही ऐकवलं असतं. कदाचित ही आजची न्याहारी चौथ्या आठवड्यातच झाली असती. मी यांना एकमेकांच्या नावानं इतकं सपक खाऊ घातलं की शेवटी भुकेनं दोघं खिडकीजवळ जाऊन बसले. तरीही साहेबांचं ते प्रकरण डोक्यातून जाईना. मानाचा हव्यास सुटत नाही माणसाचा. मी आत गेलो आणि घसा साफ करून म्हणालो की या कागदात एक तथ्यात्मक त्रुटी आहे. ती रेघ मी जाड काढली, ती विचारपूर्वक.

दोघांचे चेहरे एकदम उतरले. मास्तरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मास्तरांकडे. त्या बघण्यात इतकं काही होतं की मला त्यात जागाच नव्हती.

‘असं म्हणू नका,’ बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. ‘हुशार माणसानं आखून दिलेलं आमच्याकडे कुणी घेणार नाही. लोक म्हणतील, यात डाव आहे, आपल्याला बनवलं. चुकून पडलेलं मात्र घेतील. एखाद्याचं वासरू चुकून दुसऱ्याच्या रानात शिरलं तर भांडण होत नाही, मुद्दाम सोडलं असेल तर होतं. मी आयुष्यभर तीच भांडणं सोडवली आहेत.’

‘माझी धाकटी लेक गिरणीच्या मागच्या घरात राहते,’ मास्तर म्हणाले. हे अकरा आठवड्यांत त्यांनी मला सांगितलं नव्हतं. बाईंना मात्र ते ठाऊक असावं, कारण त्यांनी मान हलवली. ‘दोन वर्षं फोनवर तिचा फक्त आवाज ऐकतोय. तुम्ही हुशार असाल हो. पण आज राहू द्या.’

मी खुर्ची ओढली आणि पेन मागितलं. बाईंनी त्यांचं दिलं. मास्तर मजकूर सांगायला लागले, शाळेत सांगायचे तसा, थांबून थांबून. ‘मी, खाली सही करणार, असं लिहून देतो की हद्दीची रेघ माझ्याकडून हलगर्जीपणामुळे जाड आली.’

‘मूर्खपणामुळे,’ बाई म्हणाल्या.

‘हलगर्जीपणाच बरा. मूर्खपणा म्हटलं की लोकांना दया येते.’

‘येऊ दे की दया. हलगर्जी म्हणजे पगार खाऊन काम न करणारा, तो आपल्या लोकांना खपत नाही.’

आवाज चढले. मी सवयीनं अर्धा उठलो आणि म्हणालो, ‘दोन्ही पक्षांना मान्य होईल असा एखादा शब्द—’

‘तुम्ही बसा हो,’ मास्तर म्हणाले. ‘आमचं चाललंय ना.’

मी बसलो. पंधरा मिनिटं ते माझ्यासमोर माझ्यावरून भांडले. एकदा बाई टेबलावर हात आपटून उठल्या, मास्तर तोंड फिरवून बसले, आणि मला वाटलं, संपलं सगळं. मग बाई आपण होऊन पुन्हा बसल्या. शेवटी ठरलं की दोन्ही शब्द घालायचे. हलगर्जीपणामुळे आणि मूर्खपणामुळे. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. मूर्खपणा फार सुरेख आला. खाली सही केली. मग त्या दोघांनी करारनाम्याच्या सगळ्या प्रतींवर सह्या केल्या. तळाची ती माझ्या नावाची ओळ आधीच जाड रेघ मारून खोडून ठेवली होती. सव्वादोन वाजले होते.

‘आता कागद झालाय,’ बाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. ‘आता आपल्या आपल्यात सांगा. मुद्दाम केलं नव्हतंत ना?’

त्यांनी विचारलं सहज, पण दोघंही श्वास रोखून होते. बाहेर कुणी कधी विचारलंच, तर आपण खरं बोलतोय एवढं त्यांना हवं होतं. मी हो म्हटलं असतं तर तीन माणसांत का होईना, मी द्रष्टा राहिलो असतो. पेन वाळलं होतं, एवढं म्हणूनही भागलं असतं. पण पेन वाळलं नव्हतं. खिशातच होतं. त्या दिवशी संस्थेचा फोटोग्राफर आला होता. मी नकाशावर वाकून हद्द आखतोय असा फोटो त्याला हवा होता, आणि तो म्हणाला, बारीक रेघ काही दिसणार नाही. चष्म्यात म्हातारा दिसतो म्हणून चष्मा मी आधीच काढून ठेवला होता. तीस वर्षांत मी एकदाही कुणाला हे असलं काही सांगितलेलं नाही.

‘फोटोत दिसावी म्हणून जाड काढली,’ मी म्हणालो. ‘खाली पूल आहे हे मला दिसलंच नाही. माझी चूक झाली.’

मास्तरांचे खांदे हलायला लागले आणि बाईंनी रुमाल काढला. या वेळी मला पाहून ते थांबले नाहीत. मीही हसलो असेन थोडा. गाल दुखले एवढं आठवतं. हसणं ओसरल्यावर बाईंनी नकाशा पुढे ओढला आणि म्हणाल्या, गिरणी आठवड्याचे पहिले तीन दिवस आमची. मास्तर म्हणाले, तीन कसे, शेवटच्या दिवशी दळण कुणाचं? मी कागद गोळा केले आणि उठलो.

‘जाताना तेवढं दार लावून घ्या,’ बाई मान वर न करता म्हणाल्या.

मी दार लावून घेतलं आणि बोळात उभा राहिलो. आत दोघंही चांगलेच तापले होते. मास्तरांनी गुरांच्या डॉक्टरवरून काहीतरी म्हटलं आणि बाईंनी छडीवरून त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. मी बराच वेळ थांबलो. कुणी हाक मारली नाही.